एक चाक फिरतं, दुसरं बघत बसतं

गॅरेजमध्ये गाडी येते, दुरुस्त होते, जाते. तिच्याबरोबर आलेला किस्सा मात्र इथंच राहतो. मुरबाडला नाक्याजवळ माझं गॅरेज आहे. आधी वडील चालवायचे, आता तेवीस वर्षं मी चालवतोय. उरलेसुरले नट-बोल्ट मी एका डब्यात टाकतो, ते कधीतरी उपयोगी पडतात. किश्श्यांचं तसं नाही. ते नुसते साठत जातात, आणि चार ओळखीची माणसं चहाला बसली की एक सांगता सांगता दुसरा आपोआप वर येतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे जे साठले ते जवळपास सगळे एकाच जीपपायी. जीपपायी तरी कशाला म्हणू, तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यापायी. त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्यातले अर्धे मेकॅनिक 'डिप्रेशन' म्हणतात. त्या दोन-अडीच महिन्यांत मला तोच शब्द जास्त बरोबर वाटायला लागला होता.

* * *

जीप सुनंदाताईंची. मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालं की वैशाखरे लागतं, तिथून डोंगरात पाच-सहा किलोमीटर कच्च्या रस्त्यानं आत त्यांची वाडी. घरची भातशेती, थोडी नाचणी, आणि जोडीला ही जुनी फोर बाय फोर जीप. सकाळी वाडीतली माणसं मुरबाडला आणायची, दुपारी परत न्यायची. गाडी ताई चालवतात. त्यांचे यजमान काशिनाथ शेजारी बसतात, सामान टपावर बांधतात, कुठं अडलं तर चाकाखाली दगड लावतात. काशिनाथला गाडी येत नाही. मी एकदा म्हटलं, "शिकून घे की." तर म्हणाला, "घरात दोघंबी डायवर झाले, तं घाबरायचं कुनी?"

जूनच्या पहिल्या पावसात एका सकाळी ताई आल्या त्या कमरेपर्यंत चिखलात. आल्या आल्या म्हणाल्या, "भाऊ, एक चाक फिरतं नि दुसरं बघत बसतं. फिरतंय ते चिखलात खड्डा करतंय, नि सुक्यात आहे ते पाव्हण्यावानी उभं. दोघांना सारखं कामाला लावा."

मी समजावलं की ते तसंच असतं. इंजिनाचा जोर नेहमी सैल सुटलेल्या चाकाकडे पळतो. फोर बाय फोर टाकलं तरी पुढचं एक आणि मागचं एक, जे जे सैल ते ते फिरणार, बाकीची दोन गप्प राहणार.

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. "म्हंजे सात वर्सं मी दोनच चाकांची गाडी चालवतेय?"

"चिखलात अडकलं की तसंच म्हणायचं."

"नि हे ठरवलं कुनी?"

"गाडी बनवणाऱ्यांनी."

"ते आलेत का कदी आमच्या वाडीला?"

* * *

यावर उपाय काय, हे ठरवायला आमची सभा बसली. सभा म्हणजे मी, ताई-काशिनाथ आणि आणखी दोघं.

एक भोईर सर. शहापूर तालुक्यातल्या आटगावचे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही रिटायर झालं नाही. दुसरा वामनदादा. माझ्या गॅरेजला लागूनच त्याचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. तो काही ठरवायला येत नाही, चहाला येतो.

सरांनी आधी तीन रस्ते सांगितले. पहिला लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी. एक चाक जास्त फिरायला लागलं की तो आपोआप थोडा जोर दुसऱ्याकडे ढकलतो. दुसरा लॉकर. लिव्हर ओढली की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात, सोडली की मोकळी. तिसरा रस्ता, आतले गिअर वेल्ड करून दोन्ही चाकं कायमची एक करून टाकायची. तिसरा सांगताना सरांनी तोंड वाकडं केलं आणि वामनदादानं मान डोलावली.

"पण मुळात दोन चाकं सुटी का ठेवतात?" काशिनाथनं विचारलं.

सर उठलेच. कोपऱ्यातला बांबू घेतला, त्याची दोन टोकं काशिनाथ आणि वामनदादाच्या कमरेला बांधली. "तुम्ही दोन चाकं. आता नाक्यासारखं वळण घ्या." दोघं वळले. आतला काशिनाथ बारीक पावलं टाकत, बाहेरचा वामनदादा जवळजवळ धावत. "बघितलंत? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. म्हणून सुटी. आता मी लॉक करतो. दोघांनी सारखीच पावलं टाकायची. एक, दोन, एक, दोन. आणि वळा."

दोघं वळू शकले नाहीत. दोघांचाही प्रामाणिक प्रयत्न चालू होता, पावलं सारखीच पडत होती, आणि बांबू सरळच चालला होता. वामनदादा मागं बघत विचारत होता, "सर, थांबू का?" आणि सर म्हणत होते, "एक, दोन." पुढच्या पावलाला वामनदादा गॅरेजसमोरच्या गटारात उतरला, गुडघ्यापर्यंत.

"हे लॉकरचं नुकसान," सर म्हणाले.

बांबूच्या दुसऱ्या टोकाला लटकलेला काशिनाथ म्हणाला, "आनि वामनदादाचं?"

* * *

वामनदादाला वाटलं आपला अपमान झाला. त्याचा वेल्डिंगवर फार विश्वास. तुटलेलं जोडणं वेगळं, पण जे मुद्दाम सुटं ठेवलंय तेही जोडून टाकावं असं त्याला मनापासून वाटतं.

चार दिवसांनी सकाळी त्यानं मला बोलावलं. त्याची लोखंड वाहायची जुनी जीप दुकानासमोर उभी होती. "सुनंदाच्या गाडीला करायच्या आधी माझ्याच गाडीला करून बघितलं. कालच वेल्ड मारलाय आतून. बस, एक चक्कर मारू."

मी बसलो. चूक माझी.

सरळ रस्त्यावर काहीच कळलं नाही. वामनदादा खूश. "बघ, लोणी." मग नाका आला. तिथून उजवीकडे वळायचं होतं. थोड्याच वेळापूर्वी एक पाण्याचा टँकर गळत गेला होता, डांबर ओलं होतं. वामनदादानं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. पुढची चाकं उजवीकडे वळलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. जीप सरळ चालली होती. त्यानं आणखी फिरवलं, दोन्ही हातांनी, सीटवरून अर्धा उठून. जीप सरळच. मागची दोन्ही चाकं एक होऊन तिला पुढं ढकलत होती आणि पुढच्या चाकांचं कोणी ऐकत नव्हतं.

समोर पोलीस चौकीचं उघडं फाटक होतं. त्यातून आम्ही आत गेलो, आवारातली कुंडी फोडली आणि पायरीपासून हातभर अंतरावर थांबलो. कोणाला लागलं नाही. वामनदादाचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

हवालदार बाहेर आले. त्यांनी जीप बघितली, कुंडी बघितली, आम्हाला बघितलं.

"स्वतःहून हजर झालात," ते म्हणाले. "बरं केलंत. आता काय केलंय ते सांगा."

* * *

वेल्डिंगचा विषय तिथं संपला. राहिले एलएसडी आणि लॉकर. भोईर सरांचा कौल एलएसडीला. "आपोआप चालतं, लक्षात ठेवायची कटकट नाही." आणि आधी स्वतःच्या गाडीत बसवून दाखवतो म्हणाले. सरांकडे त्यामानानं नवी फोर बाय फोर आहे, आटगावजवळच्या त्यांच्या शेतावर जायला.

त्या दिवसांत सरांच्या सूनबाईंची आई नाशिकहून आली होती, पहिल्यांदाच मुक्कामाला. बिचारी देवभोळी बाई, पण एलएसडी नावाच्या नशेच्या पदार्थाच्या बातम्या पेपरात वाचलेली. सर ओटीवर बसून माझ्याशी फोनवर बोलत होते, आणि सरांचा आवाज म्हणजे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"दिलीप, एलएसडी आलं बरं का. हो हो, माल चांगला वाटतोय. उद्या सकाळी घेऊन येतो. मी आधी वापरून बघतो, मग सुनंदाला देऊ. तिला एकदा सवय लागली की सोडणार नाही."

विहीणबाईंनी हातातली पोथी मिटली. लेकीला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, आणि अगदी हळू विचारलं, "हे कधीपासून चालू आहे?"

सूनबाईंना वाटलं, आई गाडीबद्दल विचारतेय. त्या भाजी चिरत म्हणाल्या, "अगं महिना झाला. सगळे लॉकर म्हणत होते, पण बाबांना लॉकर नको. म्हणून मग एलएसडी."

विहीणबाई पाटावर बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणजे बँकेत ठेवायची सुद्धा सोय बघत होते?"

* * *

हा पुढचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

सरांच्या गाडीत एलएसडी मीच बसवलं. आठ दिवसांनी सर गाडी घेऊन आले, मागच्या डाव्या चाकातून घरघर येते म्हणाले. बेअरिंगचा आवाज असावा. असा आवाज शोधायची माझी पद्धत ठरलेली. ते एक चाक जॅकवर उचलायचं, इंजिन चालू करायचं, गिअर टाकायचा. उचललेलं चाक हवेत फिरतं, जमिनीवरचं गप्प उभं राहतं, आणि आवाज नीट ऐकू येतो. वडिलांनी हे असंच शिकवलं होतं. तेवीस वर्षांत मी शेकडो वेळा केलं असेल.

तेवीस वर्षांतल्या त्या सगळ्या गाड्या साध्या डिफरन्शियलच्या होत्या. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. एलएसडीत उचललेलं चाक फिरलं की जमिनीवरच्या चाकालाही जोर जातो.

गाडीसमोर, भिंतीला टेकून, एक काढून ठेवलेली जुनी सीट होती. त्यावर वामनदादा बसून चहा पीत होता, रोज बसतो तसा. मी ड्रायव्हरच्या जागेवर. इंजिन चालू होतं. मी गिअर टाकला आणि क्लच सोडणार, तेवढ्यात वामनदादाचा फोन वाजला. आत आवाज तुटतो म्हणून तो उठून दारात गेला.

मी क्लच सोडला.

गाडी जॅकवरून उडी मारून पुढं गेली. 'गेली' म्हणायलाही वेळ नव्हता. एक दणका, आणि बंपर भिंतीत. इंजिन आपोआप बंद पडलं. वरच्या फळीवरची ग्रीसची डबी घरंगळत येऊन बॉनेटवर थांबली. सीट भिंत आणि बंपरच्या मध्ये होती, वीतभर जाडीची. स्टीलचा पेला चपटा झाला होता.

मी खाली उतरलो.   सरांनी येऊन माझा दंड धरून ठेवला.

दारात वामनदादा तसाच उभा होता, फोन कानाला. त्याची बायको पलीकडून विचारत होती, मिक्सरचं झाकण कुठं ठेवलंय. तो सीटकडे बघत होता.

"नंतर सांगतो," तो म्हणाला. "मी आत्ताच वाचलोय."

मी त्या दिवशी पाना हातात धरला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलं, 'दोन्ही चाकं वर, मगच गिअर.' आणि वामनदादा बायकोचा फोन आता पहिल्या रिंगला उचलतो. मिक्सर असो नाहीतर काहीही.

* * *

एवढं होऊनही सरांचा एलएसडीवरचा जीव कमी झाला नाही. "चूक वस्तूची नव्हती, आपली होती," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. ताईंना प्रत्यक्ष दाखवायचं म्हणून एका दुपारी आम्ही सरांची गाडी त्यांच्या वाडीच्या रस्त्यावर नेली. सर चालवत होते, शेजारी काशिनाथ, मागं ताई आणि मी.

चिखलात एलएसडी खरोखरच चांगलं चाललं. जिथं ताईंची जीप रुतायची, तिथून सरांची गाडी थोडी कुरकुरत पण न थांबता निघाली. सरांनी आरशात ताईंकडे बघितलं. ताईंनीही मान डोलावली.

मग खडकाची चढण आली. मध्येच एक मोठी घळ आहे, तिच्यात गाडी तिरकी झाली. मागचं डावं चाक पूर्ण हवेत, पुढचं उजवंही. सरांनी अॅक्सिलरेटर दिला. हवेतली चाकं गरगर फिरायला लागली आणि गाडी जागची हलेना. एलएसडी चाक सैल असलं तर मदत करतं. चाकाखाली काहीच नसलं तर दुसऱ्या चाकाला अगदी थोडाच जोर मिळतो; गॅरेजच्या सपाट फरशीवर तेवढा पुरला होता, चढणीवर पुरत नाही.

आणि गाडी मागं सरकायला लागली. हळू, इंच इंच. मागं उतार, उताराखाली ओहळ.

"सर," मी म्हटलं.

"थांब, तत्त्व असं आहे की..." सर अॅक्सिलरेटर देतच होते.

काशिनाथनं डोळे घट्ट मिटले आणि दोघांच्या मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून वर ओढला. पुरता नाही, अर्धाच.

हवेतलं चाक मंदावलं. त्याबरोबर जमिनीवरच्या चाकात जीव आला. गाडीनं एक हिसका दिला, खडकाला धरलं आणि चढून वर गेली.

वर सपाटीला सरांनी इंजिन बंद केलं.  मग सर म्हणाले, "एलएसडीत हीच युक्ती असते. हवेतल्या चाकाला थोडा ब्रेक लावायचा, म्हणजे त्याला वाटतं आपल्याखाली जमीन आहे. मी वर्षानुवर्षं हे फळ्यावर लिहून दिलं, आणि आज मला आठवलं नाही." मग काशिनाथकडे वळून विचारलं, "तुला कोणी शिकवलं?"

"भीतीनं," काशिनाथ म्हणाला.

* * *

ताईंनी परत येताना निर्णय सांगून टाकला. "मला लॉकर द्या. मी लिवर ओढीन तेवा लागू दे, सोडीन तेवा सुटू दे. आपोआप काय नको. घरात आपोआप लई काय काय होतं."

जुलैच्या मध्याला मी त्यांच्या जीपला मागं लॉकर बसवला, लिव्हर दोघांच्या सीटच्या मध्ये. वापर समजावला: चिखलात, चढावर, घळीत ओढायची. डांबरावर सोडायची, नाहीतर वळताना टायर ओरडतील आणि झिजतील. एवढं सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली.

आठवड्यानं ताई आल्या. जीप ठीक होती, ताई ठीक नव्हत्या. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग सांगितलं.

वाडीच्या अलीकडे रस्ता दरीच्या बाजूला कललेला आहे. वर लाल मातीचा चिकट थर. ताईंशिवाय गाडीत नऊ माणसं. ताईंनी चिखल दिसला म्हणून शहाण्यासारखा लॉकर लावला. आणि गाडीचा मागचा भाग दरीकडे घसरायला लागला.

सुट्या डिफरन्शियलमध्ये अशा जागी एक चाक घसरून फिरतं, पण दुसरं गप्प असतं आणि ते गप्प चाकच गाडीला धरून ठेवतं. लॉक केल्यावर दोन्ही चाकं एकदम फिरतात. मग धरायला कोणीच नाही. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं.

"मी ब्रेक मारला तरी ती जातच व्हती," ताई म्हणाल्या. "गाडीत कुनी वरडलं नाय भाऊ. नऊ मानसं नि चिडीचूप. तेच लई वाईट वाटलं."

मागचं चाक कडेच्या ऐनाच्या झाडाच्या मुळांना अडकलं आणि गाडी थांबली. ताईंनी लॉकर सोडला. सगळ्यांना डोंगराच्या बाजूनं एकेक करून उतरवलं. आठ जण उतरले. मागच्या बाकावर ठमाबाई म्हणून वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई आहेत, त्या उतरेनात.

"आजी, उतरा. गाडी खाली जाईल."

"मी उतरले तं हलकी होईल नि मगच जाईल," ठमाबाई म्हणाल्या. "मी बसते दाबून. तू काढ गो."

ताईंनी खूप सांगितलं. ठमाबाई दोन्ही हातांनी बाक धरून बसून राहिल्या. शेवटी ताईंनी तशीच गाडी पहिल्या गिअरमध्ये, लॉकर न लावता, हळूहळू रस्त्यावर घेतली. ठमाबाईंनी मागून एकदाच विचारलं, "आता सोडू का बाक?"

सांगून झाल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हे तुमी बोलला नव्हता."

"नाही बोललो," मी म्हटलं.  त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वाडीपर्यंत गेलो, आणि कुठं ओढायची, कुठं नाही, हे प्रत्येक वळणावर उतरून दाखवलं. काशिनाथ माझ्या मागं मागं, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत.

* * *

लावणीचे शेवटचे दिवस. सगळी वाडी खाचरात होती, म्हणून जीपही घरीच उभी. सकाळी दहाच्या सुमाराला ताईंची शेजारीण पार्वती रोपांची जुडी उचलायला वाकली आणि तिच्या हाताला साप चावला. काशिनाथ शेजारच्याच बांधावर होता. त्यानं तिला आडवं केलं, हात हलवू दिला नाही, आणि चौघांनी तिला उचलून जीपच्या मागच्या बाकावर झोपवलं. ताई चिखलाच्या पायांनीच स्टिअरिंगवर बसल्या.

वाडीखालच्या ओहळाला पाणी होतं. ताईंनी फोर बाय फोर टाकलं, लॉकर ओढला, ओहळ पार केला. पलीकडची चढण चढताना खालून मोठा आवाज आला. कडाड्. जीप एकदा थबकली, मग पुन्हा चढायला लागली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"दगड लागला," काशिनाथ म्हणाला. "चल तू."

मागं पार्वतीच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. तिचा नवरा तिचं नाव घेत होता, सारखं.

वैशाखऱ्याला डांबर लागलं. ताईंनी फोर बाय फोर काढलं आणि लॉकर सोडायला लिव्हरकडे हात नेला. काशिनाथनं लिव्हरवर हात ठेवला.

"राहू दे."

"डांबर आहे. टायर जातील."

"जाऊ दे टायर."

भांडायला वेळ नव्हता. मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत काशिनाथनं तो हात उचलला नाही. दवाखान्यात लगेच इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत पार्वती डोळे उघडून बोलायला लागली, चौथ्या दिवशी घरी गेली.

त्या संध्याकाळी, पार्वती बोलायला लागल्यावर, ताई जीप घेऊन माझ्याकडे आल्या. काशिनाथ शेजारी. "भाऊ, टायर बघा. यांनी पुरा रस्ता लॉक सोडू दिला नाय. घाबरून लिवर धरून बसले."

मी टायर बघितले. टायर चांगले होते.

"वळणावर ओरडले असतील," मी म्हटलं.

"नाय. उलटी हलकी वळत व्हती."

मी हातातला चहा खाली ठेवला. लॉकर लावलेली गाडी डांबरावर हलकी वळत नाही. वळली, तर त्याचा अर्थ एकच. मी मागच्या उजव्या चाकाचं हब खोललं आणि हाफ शाफ्ट ओढला, म्हणजे गोळ्यातून चाकापर्यंत जोर नेणारा लोखंडी दांडा. अर्धाच बाहेर आला. उरलेला अर्धा आत होता.

चहाला आलेले भोईर सर शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन फिरवून बघितला.

"ताई," मी म्हटलं, "वैशाखऱ्यापासून इथपर्यंत तुमची जीप एकाच चाकानं ओढली. लॉकर होता म्हणून. फोर बाय फोर काढलेलंच होतं, त्यात लिव्हर सोडली असती, तर सगळा जोर या तुटक्या दांड्याकडे गेला असता, आणि गाडी तिथंच उभी राहिली असती."

ताई खालीच बसल्या, गॅरेजच्या फरशीवर.  मग मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

"तुमाला म्हायती व्हतं?"

काशिनाथ हात पुसत होता. "गेल्या साली दांडा तुटला तेवा असाच आवाज झाला व्हता. गाडी जागची हलली नव्हती. सर बोलले व्हते, लॉक असला तं दुसरं चाक नेतं."

"मंग मला दगड का सांगितलात?"

"तू उतरून बघितलं असतंस," काशिनाथ म्हणाला.